खरंच घाबरवणारं पुस्तक कसं शोधायचं

हे बघ बे, कव्हरवर कवटी आणि रक्त दिसलं की लगेच उचलू नको, तसली पुस्तकं बहुतेक किळस आणतात, भीती नाही आणत. आधी तुला नेमकं कशाने भ्या वाटतं ते ठरव, भूत, की एकटं घर, की आपल्याच घरातलं माणूस बदलत चाललंय ते. मला विचारशील तर हे तिसरं सगळ्यात वाईट, म्हणून मी सुरुवात रत्नाकर मतकरींच्या गूढकथांपासून कर म्हणीन. त्यांचा 'खेकडा' घे, गोष्टी छोट्या आहेत, भूत दिसायची गरजच पडत नाही, साधं बोलणं चाललेलं असतं आणि मधेच कळतं की काहीतरी चुकतंय. मग नारायण धारप. त्यांचं 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' या इंग्रजी कादंबरीवर बेतलेलं आहे, पण वाडा, माणसं सगळं आपल्याकडचं वाटतं म्हणून जास्त लागतं. इंग्रजी जमत असेल तर १९५९ चं शर्ली जॅक्सनचं 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' वाच, हळू चालतं, सोडू नको.

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयात जा की, तिथं नुसतं भूताचं द्या म्हणू नको, लेखकाचं नाव घेऊन विचार. आणि हातात आलं की पाठीमागचा मजकूर अजिबात वाचायचा नाही, निम्मी भीती तिथंच जाते, सरळ पहिली चार पानं वाच. आणि दुपारी पंख्याखाली मोबाईल बघत बघत वाचलं तर काहीच होणार नाही, रात्री, एका बैठकीत एक अख्खी कथा, मग सांग मला कसं वाटलं.