ऐकू न येणारे गाणे : 'बीटल्स'नी दौरे का थांबवले?

प्रश्न : लोकप्रियतेच्या ऐन भरात असताना 'बीटल्स' या चार जणांच्या इंग्लिश बँडने १९६६ मध्ये जाहीर कार्यक्रम कायमचे बंद केले. त्यामागचे कारण केवळ थकवा होते का? त्यानंतर त्यांनी लोकांसमोर कधीच वाजवले नाही का?

उत्तर : थकवा होताच, आणि त्या वर्षी मनस्तापाचीही भर पडली होती. फिलिपिन्सच्या मनिला शहरात तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने योजलेल्या समारंभाला न गेल्यामुळे त्यांना विमानतळावर धक्काबुक्की सोसावी लागली, तर त्यांच्यापैकी जॉन लेनन यांच्या ख्रिस्ती धर्माविषयीच्या एका विधानावरून अमेरिकेत त्यांच्या रेकॉर्ड जाळल्या गेल्या. तरीही माझ्या मते खरे कारण याहून साधे होते आणि ते कोणत्याही गवयाला लगेच पटेल : त्यांना स्वतःचे गाणे ऐकू येत नव्हते.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते जमले होते. गिटारींसाठी शंभर वॉटचे अॅम्प्लिफायर होते आणि गायकांचा आवाज सामन्यांच्या घोषणांसाठी बसवलेल्या कर्ण्यांतून जात होता. आज गायकाच्या पायाशी त्याचाच आवाज त्याला ऐकवणारा स्पीकर असतो. तशी सोय तेव्हा नव्हती. किंकाळ्यांच्या त्या गदारोळात गाणे कुठवर आले आहे, हे ड्रमवर बसलेले रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचालींवरून ताडत असत. ज्यांनी जर्मनीतील हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून एकमेकांचा ठेका अंगी मुरवला होता, त्यांच्यासाठी हे फार दुःखद होते.

दुसरीकडे त्यांचे संगीत मंचावर मावेनासे झाले होते. 'रिव्हॉल्व्हर' हा गाण्यांचा संच (अल्बम) ५ ऑगस्ट १९६६ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि आठवड्याभरात अमेरिकेचा दौरा सुरू झाला. पण त्या दौऱ्यात या संचातील एकही गाणे गायले गेले नाही. 'एलिनॉर रिग्बी'ला आठ तंतुवादकांची साथ होती, तर 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये ध्वनिफितींचे तुकडे जोडून केलेली वेटोळी फिरत होती. दोन गिटारी, बेस आणि ड्रम यांवर हे उभे राहणे शक्य नव्हते. तिकीट लावून केलेला त्यांचा शेवटचा कार्यक्रम २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये झाला. त्यात त्यांनी अकरा गाणी म्हटली आणि सारे सुमारे अर्ध्या तासात आटोपले.

पुढे काय साधले, ते पाहिले की हा निर्णय किती योग्य होता हे कळते. १९६३ मध्ये पहिल्या संचातील दहा गाणी त्यांनी एका दिवसात मुद्रित केली होती. 'सार्जंट पेपर्स' या संचासाठी मात्र नोव्हेंबर १९६६ पासून त्यांनी लंडनच्या अॅबी रोडवरील स्टुडिओत कित्येक महिने दिले. यंत्रावर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करण्याचे पट्टे, चारच होते. ते भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या फितीवर उतरवायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर नवे थर चढवायचे, अशा चिकाटीने निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ते नादविश्व उभे केले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्यांनी लोकांसमोर आणखी एकदा वाजवले. ३० जानेवारी १९६९ रोजी, लंडनमधील सॅव्हिल रोवरील आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर, बिली प्रेस्टन यांच्या कीबोर्डच्या साथीने, त्यांनी सुमारे बेचाळीस मिनिटे वाजवले आणि तक्रारी आल्यामुळे पोलीस वर पोहोचले. खाली रस्त्यावर थबकलेल्या लोकांना ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते.