वडील शौचाच्या तपासणीला तयार होत नाहीत, त्यांना कसं समजावू?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचा किट येऊन चार महिने झाले, तो कपाटात तसाच आहे आणि विषय काढला की ते म्हणतात, "मला काही होत नाही, उगाच कशाला?" शिवाय तुम्ही विचारलंय की या तपासणीचा खरंच उपयोग होतो का.

मी बारा वर्षं एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. बाबांचं वाक्य आमच्याकडे रोज कानावर पडतं. पण ही तपासणी ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठीच आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर आलेल्या छोट्या मांसल वाढीपासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो. सगळ्या पॉलिपचा कॅन्सर होत नाही. ज्यांचा होतो त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात आणि एवढ्या काळात तो दुखत नाही. एक काका दुर्बिणीच्या तपासणीत जागे होते, स्क्रीनकडे टक लावून बघत होते. देठाचा पॉलिप तारेच्या फासात धरून कापला, बाहेर काढला, आणि त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, कापणार कधी?" आतड्याच्या अस्तराला कापल्याचं कळतच नाही. मग वाढणारा पॉलिप कसा कळणार?

कळण्याचा एक मार्ग म्हणजे रक्त. पॉलिप किंवा गाठ मोठी झाली की तिच्यातून अधूनमधून थोडंसं रक्त येतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं. तुमच्याकडचा किट बहुधा 'फिट' चाचणीचा असेल. ती शौचातल्या माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे आधी खाण्यापिण्याचं पथ्य लागत नाही.

लोक टाळतात ते अडाणीपणामुळे, असं मला वाटत नाही. शिकलेली, बाकीच्या सगळ्या तपासण्या वेळेवर करणारी माणसंही हा किट बाजूला ठेवतात. स्वतःच्या शौचाला काडी लावायची किळस येते, त्याबद्दल बोलायची लाज वाटते, आणि त्याखाली "काही निघालं तर?" ही भीती असते. त्यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. काम सोपं केलं तर होतो. इंग्लंडमध्ये पूर्वीच्या चाचणीला तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे नमुने लागायचे. २०१४ मध्ये काही लोकांना एकाच नमुन्याची फिट चाचणी देऊन पाहिली, तर सहभाग सुमारे ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेला. माणसं तशीच होती, फक्त काडी एकदाच लावायची होती.

२०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. एका गटाला फक्त दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी सुचवली, तेव्हा वर्षभरात ३८ टक्के लोकांनी ती केली. शौचाची चाचणी सुचवलेल्या गटात ६७ टक्क्यांनी तपासणी पूर्ण केली आणि दोन्हींपैकी निवडायला सांगितलं तेव्हा ६९ टक्क्यांनी. म्हणून बाबांना "हे कराच" म्हणण्यापेक्षा "किट करताय की डॉक्टरांशी दुर्बिणीबद्दल बोलायचं?" असं विचारून बघा.

आता उपयोगाबद्दल. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. दहा वर्षांत बोलावलेल्या संपूर्ण गटात कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी होतं, मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही. त्यावरून "बघा, काही उपयोग नाही" असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही, कारण जे आलेच नाहीत तेही त्याच हिशेबात धरलेले आहेत. उलट उदाहरण उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेचं. त्यांनी सभासदांना घरपोच किट पाठवणं सुरू केलं. २००० ते २०१५ या काळात तपासणी वेळेवर झालेल्यांचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेलं आणि या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचा दर निम्म्यावर आला.

चाचणीच्या मर्यादाही बाबांना सांगा, लपवू नका. एक फिट चाचणी पाचपैकी साधारण चार कॅन्सर पकडते, पॉलिप त्याहून बरेच कमी. म्हणूनच ती दर एक-दोन वर्षांनी करायची असते.

आणि पॉझिटिव्ह आली तर? माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो इथे. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकांना तो निघत नाही. पण कोलोनोस्कोपी करावीच लागते. "मूळव्याधीचं रक्त असेल, पुन्हा एकदा किट करून बघतो" म्हणत लोक वर्ष घालवतात. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली तरी पहिलं रक्त कुठून आलं हे कळलेलं नसतं, गाठ रोज थोडीच वाहते. दहा महिन्यांपेक्षा उशीर झालेल्यांत कॅन्सर, तोही पुढच्या टप्प्यातला, जास्त सापडल्याचं अभ्यासात दिसलंय. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घेऊन पोट साफ करणं हा त्यातला खरा त्रास. तपासणीच्या वेळी गुंगीचं औषध मिळतं.

किटची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे जायचं ते रक्त दिसत असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल तर. बाबांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार झाला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, मग तपासणीचं वेळापत्रकच बदलतं.

किट कपाटातून काढून बाथरूममध्ये ठेवा. शौच पाण्यात पडण्याआधी कागदावर किंवा स्वच्छ डब्यात धरायचं, काडी चार-पाच ठिकाणी फिरवायची, तिच्या खाचा भरल्या की पुरे, पुन्हा बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं. बाटलीवर तारीख लिहायची आणि लगेच पाठवून द्यायची, उन्हात ठेवायची नाही, उष्णतेने हिमोग्लोबिन खराब होतं. पण त्याआधी आजच बाटलीवरची मुदत बघा. चार महिने झालेत. संपली असेल तर नवीन किट मागवा, आणि तो आला की तुम्हीच उघडून बाबांना काडी दाखवा.