शिट्टी आणि दुसरा पलंग

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स यांचा १९०४ सालचा पहिला भयकथासंग्रह तू दोन दिवसांत वाचून संपवलास आणि त्यात भीती वाटावी असे काहीच आढळले नाही, असे लिहिले आहेस. तुझ्या प्रामाणिकपणाचा मला आनंद वाटला; परंतु हा निर्णय मला घाईचा वाटतो, आणि या लेखकावर माझा फार जीव असल्यामुळे तो तसाच सोडून देणे मला जमणार नाही.

जेम्स हे मध्ययुगीन हस्तलिखितांचे गाढे अभ्यासक होते आणि पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख झाले. १८९३ पासून ते आपल्या मित्रांना भयकथा वाचून दाखवू लागले. नंतर नाताळच्या दिवसांत मित्रांना खोलीत जमवून मेणबत्तीच्या उजेडात नवी कथा ऐकवण्याचा परिपाठच पडला. त्या संग्रहातल्या आठ कथांपैकी बहुतेक कथा अशा रीतीने, मोठमोठ्या अंतराने, ऐकणाऱ्यांसाठी जन्माला आल्या. ज्या कथांमध्ये वर्षावर्षांचे अंतर होते, त्या तू एकापाठोपाठ एक वाचल्यास. अशा वाचनात दुसऱ्या कथेपासूनच मन धक्क्याची वाट पाहू लागते, आणि वाट पाहणाऱ्या मनाला या कथा काही देत नाहीत.

शिट्टीची कथा पुन्हा उघड. भुताखेतांवर विश्वास नाही असे ठासून सांगणारा पार्किन्स हा तरुण प्राध्यापक समुद्रकाठच्या एका गावी सुट्टीला जातो, पडक्या धर्मस्थळात त्याला धातूची जुनी शिट्टी सापडते, तिच्यावर लॅटिनमध्ये ‘कोण हा येत आहे?’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले असतात, आणि रात्री खोलीत तो ती वाजवतो. एवढे तुला आठवत असेल. पण त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत, ही गोष्ट कथेत पहिल्यांदा कुठे येते? अगदी आरंभी, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत, जिथे एक सहकारी त्या रिकाम्या पलंगावर येऊन झोपण्याची तयारी थट्टेने दाखवतो. शिट्टी वाजवल्यानंतरच्या सकाळी मोलकरीण सांगते की दोन्ही पलंगांवर कोणीतरी झोपल्यासारखे दिसत होते, आणि आपले सामान ठेवल्यामुळे दुसरा पलंग विस्कटला असेल, असे पार्किन्स स्वतःचे समाधान करून घेतो. ते समाधान इतके पटण्यासारखे आहे की घाईत असलेला वाचकही ते मान्य करून पुढे जातो. मग जे काही त्या पलंगावर उठून बसते, त्याला स्वतःचे शरीरही नाही. आहे तो फक्त चादरीचा चुरगळलेला चेहरा. रोज रात्री आपण जी वस्तू निर्धास्तपणे अंगावर ओढून घेतो, तिच्यातून लेखकाने भीती उभी केली आहे, आणि तिची पायाभरणी तू बहुधा कंटाळून ओलांडलेल्या पानांत आहे.

(या प्रसंगाचे चित्र जेम्स मॅकब्राइड या त्यांच्या मित्राने काढले होते. चारच चित्रे पूर्ण झाली आणि तो गेला. उरलेल्या कथांना दुसऱ्याची चित्रे न घालता जेम्स यांनी संग्रह तेवढ्याच चित्रांनिशी छापला. ते चित्र पाहताना मला हे नेहमी आठवते.)

भयकथेत वातावरण हवे आणि भीती पायरीपायरीने चढत जायला हवी, पात्रे आपापल्या साध्या उद्योगांत मग्न असताना अशुभाने आधी नकळत डोके वर काढावे, असे जेम्स यांनी पुढे स्वतःच लिहिले. म्हणून चर्चच्या खिडक्यांची, जुन्या दस्तऐवजांची, लॅटिन मजकुरांची जी वर्णने तुला रुक्ष वाटली, ती वगळू नकोस. पात्रांचे अंतरंग मात्र या कथांत शोधू नकोस; ते तिथे फारसे नाही, आणि स्त्रियांना तर जवळजवळ जागाच नाही. ही उणीव मला मान्य आहे.

आता एक कर. संग्रहातली पहिली, कॅनन अल्बेरिकच्या चिकटवहीची कथा एखाद्या रात्री कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखव, मधे न थांबता, आणि त्यानंतर आठवडाभर दुसरी कथा उघडू नकोस. कोणत्या वाक्यापाशी तुझा आवाज आपोआप खाली आला, ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा शुभचिंतक