टाकळा, कासविंदा, तरवड: पिवळ्या फुलांच्या या गोतावळ्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळी रानभाज्यांवर लिहिलं होतं, त्यात टाकळ्यावर जेमतेम चार ओळी होत्या आणि सगळ्यात जास्त प्रश्न नेमके त्याच चार ओळींवर आलेत. बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र करून घेतलेत.

प्रश्न : आमचं गाव मुरबाडकडे, तिथे टाकळ्याची भाजी लहानपणापासून खातोय. आता पुण्यात राहतो तर इथल्या टेकडीवर टाकळ्यासारखंच झाड सगळीकडे दिसतं, पण शेंग आखूड आणि केसाळ आहे. हा पण टाकळाच का? भाजी चालेल का?

नाही, हा टाकळा नाही, आणि तुमचं लक्ष शेंगेकडे गेलं हे फार चांगलं झालं. या गटात फुलावरून काहीच ठरवता येत नाही हो, सगळ्यांची फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, लांबून बघाल तर एकाच झाडाची वाटतील. शेंग बघायची. आपल्या टाकळ्याची म्हणजे शास्त्रीय नावाने सेन्ना टोराची शेंग बारीक, लांब, साधारण १० ते १५ सेंटिमीटर, थोडी वाकलेली, आणि पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकाला रुंद आणि गोलसर. तुम्ही टेकडीवर बघितलंय ते बहुतेक सेन्ना युनिफ्लोरा. त्याची शेंग ३ ते ५ सेंटिमीटरची, सरळ, चपटी, पानाच्या बगलेत झुबक्याने उभी असते आणि आतल्या प्रत्येक बीचा खण बाहेरून वेगळा दिसतो, वर तांबूस केस.

पण भाजी आपण खुडतो ती जून-जुलैमधे, तेव्हा शेंग कुठून आणणार? मग पानाच्या मधल्या दांड्याकडे बघा, शक्यतो भिंग घेऊन. पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध एक टाचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहून बारीक ग्रंथी उभी असते, टाकळ्यात ती खालच्या एकदोन जोड्यांमधेच असते आणि युनिफ्लोरात जवळजवळ प्रत्येक जोडीमधे. शिवाय युनिफ्लोराचं पान हाताला मऊ केसाळ लागतं, टाकळ्याचं बरंच गुळगुळीत. एकदा दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितलं की पुन्हा फसायला होत नाही.

हे झाड इथलं नाही, मेक्सिको, मध्य अमेरिका, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेचा काही भाग हे त्याचं मूळ घर. आपल्याकडे ते पसरलं त्यात माणसाचा मोठा हात आहे. गाजरगवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत, १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभर गेलं, सगळे त्याच्यावर उपाय शोधत होते, आणि १९८० च्या दशकात लोकांच्या लक्षात आलं की हा सेन्ना जिथे दाट उगवतो तिथे गाजरगवत मागे हटतं. मग महाराष्ट्रात आणि कर्नाटकात धारवाडच्या बाजूला मुद्दाम बी टाकून प्रयोग झाले. गाजरगवत कमी झालं हे खरंच, पण त्या जागी हा एकटाच गच्च माजला, खाली गवत नाही, पावसाळी छोटी फुलझाडं नाहीत, गुरंही तोंड लावत नाहीत. मला विचाराल तर एक परदेशी तण घालवायला दुसरं पेरणं हा सौदा आपल्याला महागात पडलाय. आणि भाजी अजिबात करू नका, त्याची पानं खायची आपल्याकडे रीत नाही, उगाच पोटावर प्रयोग कशाला.

प्रश्न : बी.एस्सी.ला आम्ही कॅसिया टोरा शिकलो, आता मुलीच्या पुस्तकात सेन्ना टोरा आहे. ही नावं सारखी का बदलतात? जुनं चूक होतं का?

वैताग येतो हे अगदी कबूल, पण यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मधे बहावा, टाकळा, कासविंदा, तरवड असे सगळे कॅसिया या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले. पुढच्याच वर्षी, १७५४ मधे, फिलिप मिलरने सेन्ना वेगळी काढली. आपल्याकडच्या वनस्पतींवर आयुष्य घालवलेल्या रॉक्सबर्गच्या ग्रंथात, जो तो गेल्यावर १८३२ मधे छापला गेला, टाकळ्याला सेन्ना टोराच म्हटलंय. म्हणजे तुमच्या मुलीच्या पुस्तकातलं नाव तुमच्या बी.एस्सी.च्या खूप आधीचं आहे! पण १८७१ मधे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथमने पुन्हा सगळ्यांना मोठ्या कॅसियाखाली आणलं आणि त्याचा दरारा इतका की पुढे शंभर वर्षं तेच चाललं, थिओडोर कुकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद केली तीही कॅसिया टोरा म्हणूनच.

१९८२ मधे न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या अर्विन आणि बार्नबी या दोघांनी अमेरिका खंडातल्या या सगळ्या गटाचा प्रचंड अभ्यास छापला आणि तीन घरं केली: कॅसिया, सेन्ना आणि कॅमेक्रिस्टा. फरक डोळ्यांनी दिसतो, म्हणून मला ही विभागणी आवडते. बहाव्याचं फूल घ्या, खालचे तीन पुंकेसर लांबलचक आणि वळणदार असतात, बाकीचे आखूड, आणि शेंग नळीसारखी, आपोआप न फुटणारी. हा खरा कॅसिया. टाकळा, कासविंदा, तरवड यांच्यात पुंकेसरांचे दांडे आखूड आणि सरळ, हे सेन्ना. आणि रानात गवतातून येणारी चिमड वगैरे मंडळी, ज्यांची शेंग वाळली की फट्कन फुटून दोन्ही बाजू पिळवटतात, ती कॅमेक्रिस्टा. नंतर डीएनएचे अभ्यास झाले त्यांनीही ही तीन घरं वेगळीच ठरवली, त्यामुळे हे आता टिकेल. २०१७ मधे शिंबी कुळाची, म्हणजे शेंगवर्गीय वनस्पतींच्या कुळाची, नवी मांडणी झाली त्यात लाजाळू आणि बाभूळसुद्धा याच उपकुळात आलेत, म्हणजे टाकळा आणि लाजाळू आता कागदावरही जवळचे नातेवाईक.

प्रश्न : मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथे सोयाबीनच्या शेताकडेला सिकलपॉड नावाचं तण आहे, डिट्टो आपला टाकळा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली खुड आणि कर भाजी. करू का?

काकूंची नजर चांगली आहे पण भाजी नको. ते सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया, टाकळ्याचं सख्खं भावंड म्हणा. दोन्ही इतकी सारखी की एक काळ भलेभले अभ्यासक त्यांना एकच समजत होते, आणि अजूनही कितीतरी लेखांत एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव असतं. ओळखायची खूण म्हणजे शेंगेचा देठ, टाकळ्यात तो आखूड, सेंटिमीटरभर किंवा कमी, आणि सिकलपॉडमधे चांगला दीड-दोन सेंटिमीटर. दुसरी खूण बीवर असते. चौकोनी चकचकीत बी उन्हात धरा, तिच्या बाजूवर एक फिकट पट्टा दिसेल, टाकळ्यात तो रुंद असतो आणि सिकलपॉडमधे अगदी रेघेसारखा.

सिकलपॉड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, आज ते तुमच्याकडच्या सोयाबीन, कापूस, भुईमुगात आहे, आफ्रिकेत आहे, आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला तर त्याने कुरणंच्या कुरणं व्यापलीत. टाकळा मात्र मुख्यतः आशियाचा, भारत, श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत. त्याचं मूळ कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही जण त्यालाही अमेरिकेतूनच आलेला धरतात.

तुम्हाला नको म्हणतोय याचं पहिलं कारण साधं आहे, सोयाबीनच्या शेताकडेला तणनाशकाचा मारा असतो. दुसरं म्हणजे सिकलपॉड खाऊन, त्यातही बिया पोटात जाऊन, गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी तुमच्याच भागात आहेत. जग कसं असतं बघा, सुदानमधे दारफूर आणि कोर्दोफानकडे याच झाडाचा पाला कुटून, मातीच्या मडक्यात जमिनीत पुरून आंबवतात, मग वाळवून कवल नावाचा पदार्थ करतात आणि मटणाच्या जागी रश्शात घालतात. पण ते त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे, ते आंबवणं टाळून नुसतं परतून खाणं वेगळं.

भारतात आलात की मात्र खऱ्या टाकळ्याची भाजी करून घ्या, पहिल्या पावसानंतरची, फूल यायच्या आतली कोवळी पानं, लसूण-कांदा आणि वरून ओलं खोबरं. गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात आणि फणसाच्या आठळ्या घालतात, ती चव मला तरी सगळ्यात सरस वाटते.

प्रश्न : अंगणाच्या कडेला कासविंदा आलाय. सासूबाई म्हणतात औषधी आहे, राहू दे. घरात लहान मुलं आहेत.

मुलं लहान आहेत तर काढून टाका, एवढं स्पष्टच सांगतो. कासविंदा, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, याची पानं टोकदार, पर्णिकांच्या चार-पाच जोड्या, आणि एकच ठळक ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी. शेंग चपटी, किंचित वर वळलेली, मधे तपकिरी आणि दोन्ही कडा फिकट. सासूबाईंचं चूक नाही, खोकल्यावर तो जुन्या काळापासून वापरात आहे आणि बिया भाजून कॉफीसारख्याही पितात लोक.

पण पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूरकडे बरीच वर्षं पावसाळा संपला की लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती, सगळे त्याला विषाणूचा मेंदूज्वर समजत होते, आणि मग डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिलं की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर परिणाम होतो. २०१६ मधे ओडिशात मलकानगिरीला मुलं गेली तेव्हाही तज्ज्ञांनी याच बियांकडे बोट दाखवलं. गरीब घरातली, भुकेली, दिवसभर रानात असणारी पोरं सगळ्यात जास्त बळी पडतात, हे वाचताना जीव तुटतो. म्हणून शेंगा धरायच्या आत झाड उपटा, आणि शेजारीपाजारी, अंगणवाडीताईंना पण ही शेंग दाखवून ठेवा.

प्रश्न : टाकळा शेंगवर्गीय आहे म्हणजे जमिनीत नत्र साठवतो ना? बांधावर मुद्दाम वाढवू का?

नाही साठवत. सेन्ना आणि कॅसियाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, या तीन घरांपैकी त्या फक्त कॅमेक्रिस्टात येतात. टाकळा कापून जमिनीत गाडलात तर सेंद्रिय खत म्हणून उपयोग आहेच, पण हवेतला नत्र हवा असेल तर ताग किंवा धैंचा लावा.

प्रश्न : टेकडीवर तण काढायची मोहीम करतोय. सगळी पिवळ्या फुलांची झुडपं उपटायची का? आणि कधी?

सगळी अजिबात नाही! तरवड राहू द्या. तो आपला आहे, भारत-श्रीलंकेचा मूळचा, दख्खनच्या कोरड्या माळावर उन्हाळ्यात सगळं करपलेलं असतानाही हिरवा असतो. त्याची साल पूर्वी कातडी कमवायला वापरत, मराठवाड्यात नवरात्रात घटाला त्याच्या फुलांची माळ असते, आणि तेलंगणाचं तर ते राज्यफूल आहे, तिथल्या बतुकम्मा या फुलांच्या सणात ते लागतंच. ओळख सोपी, पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन मोठी गोल उपपर्णं असतात आणि शेंग पातळ, कागदी. मोहिमेच्या दिवशी थोडा वेळ काढून त्याच्या फुलाशी थांबा. या फुलात मध नाही, फक्त पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो, त्यामुळे काळा भुंगा येऊन फूल धरतो आणि अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पराग त्याच्या पोटावर उडतो. बघायला मिळालं तर पोरांना जरूर दाखवा.

टाकळाही थोडा ठेवा, छोटी पिवळी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. काढायचाय तो युनिफ्लोरा. तो एका वर्षात संपणारा आहे म्हणून सगळा खेळ बियांचा, ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जमीन ओली असताना, शेंगा हिरव्या असतानाच मुळासकट उपटा. शेंगा तपकिरी झाल्यावर उपटलात तर आपणच बी पसरवतो. काढलेला ढीग टेकडीवर सोडू नका, हिरव्या शेंगाही पडल्या जागी पिकू शकतात. बीचं टरफल कडक असतं, सगळं बी एका पावसात रुजत नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं त्याच जागी परत जावं लागेल, म्हणून एकदम अख्खी टेकडी न घेता छोटा तुकडा धरा. आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच टेकडीवरच्या गवताचं बी टाका, पवना, कुसळी जे काही तिथे असेल ते, नाहीतर तिथे पुढच्या पावसात गाजरगवत परत येईल.