मुलीसाठी 'फ्याम्मेत्ता' हे इटालियन नाव कसं आहे? अर्थ काय, आणि इटलीत ते कितपत चालतं?

तुम्ही तपशिलात लिहिलंय की पती इटालियन आहेत, नाव फ्लोरेन्सच्या सासूबाईंनी सुचवलंय, आणि साताऱ्यात आई-बाबांना ते अजून पचलेलं नाही. मी बरीच वर्षं बोलोन्यात राहतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अर्थ सोपा आहे. 'फ्याम्मा' म्हणजे ज्वाला, आणि 'एत्ता' हा लाडाने लहान करणारा प्रत्यय. छोटीशी ज्योत.

मूळ मात्र जरा वेगळं आहे. जोव्हान्नी, फ्रांचेस्को, लुचीया, कातेरिना अशी इटलीतली बहुतेक जुनी नावं संतांवरून आली. फ्याम्मेत्ता आली साहित्यातून. चौदाव्या शतकातला इटालियन लेखक जोव्हान्नी बोकाच्चो (१३१३–१३७५) तरुणपणी नेपल्समध्ये होता. वडील फ्लोरेन्सच्या बार्दी या सावकारी पेढीत कामाला. मुलानेही पेढी सांभाळावी ही त्यांची इच्छा, आणि मुलाचं सगळं लक्ष कवितेत. दंतकथा अशी की इस्टरच्या आदल्या शनिवारी सान लोरेन्झोच्या चर्चमध्ये त्याला एक तरुणी दिसली, तिला त्याने फ्याम्मेत्ता हे नाव दिलं. ती म्हणे नेपल्सच्या राजा रॉबर्टची अनौरस मुलगी, मारिया द'आक्वीनो. लोकांनी हे कैक पिढ्या खरं मानलं. पण अशा मारियाची नोंद कुठल्याही दस्तऐवजात सापडत नाही, आणि आजचे अभ्यासक तिला कविकल्पनाच समजतात. मलाही तेच पटतं. कवी दान्तेची प्रेरणा बेआत्रिचे होती, कवी पेत्रार्काची लाउरा होती, मग बोकाच्चोने मागे का राहावं?

त्याच्या लिखाणात ही फ्याम्मेत्ता पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी वेगळी असते. 'एलेजिया दी मादोन्ना फ्याम्मेत्ता' (सुमारे १३४३–४४) मध्ये ती नेपल्समधली विवाहित स्त्री आहे. प्रियकर पान्फिलो फ्लोरेन्सला निघून गेलाय, परतायचं नाव नाही, आणि तिची ती तगमग ती स्वतःच सांगते. चौदाव्या शतकात एका बाईच्या तोंडून, 'मी' असं म्हणत, तिच्या मनाचा इतका खोल तपास! मानसशास्त्रीय कादंबरीची सुरुवात पुष्कळ जण इथूनच धरतात.

त्याच्या 'देकामेरोन' या कथासंग्रहातली फ्याम्मेत्ता अगदी दुसऱ्या स्वभावाची. १३४८ च्या प्लेगमध्ये फ्लोरेन्स सोडून गावाबाहेर गेलेल्या सात तरुणी आणि तीन तरुणांपैकी ती एक. पाचव्या दिवशी ती त्या मंडळींची राणी होते आणि विषय देते: आधी संकटं सोसून शेवटी सुखाला लागलेल्या प्रेमिकांच्या गोष्टी. त्याच दिवशी ती फेदेरिगोच्या बहिरी ससाण्याची गोष्ट सांगते. एका बाईच्या प्रेमापायी सगळी दौलत उधळलेला फेदेरिगो. ती बाई एक दिवस त्याच्या दारी जेवायला येते, घरात वाढायला काही नाही, म्हणून तो आपला लाडका ससाणा मारून शिजवतो. आणि ती आलेली असते आजारी मुलासाठी तोच ससाणा मागायला. इटलीत शाळेत शिकलेल्या कुणालाही ही गोष्ट ठाऊक असते. सासूबाईंच्या मनात बहुधा हीच फ्याम्मेत्ता असेल.

सासूबाई कदाचित सांगणार नाहीत अशी एक फ्याम्मेत्ता रोममध्ये होऊन गेली. पंधराव्या-सोळाव्या शतकातली नावाजलेली गणिका, पोपचा मुलगा सेझारे बोर्जिया याची प्रेयसी म्हणून प्रसिद्ध. तिच्या नावाचा चौक, प्यात्सा फ्याम्मेत्ता, आजही आहे. यामुळे नावाला कमीपणा आलेला नाही. आजच्या इटलीत या नावाची बहुधा सर्वांत परिचित व्यक्ती फ्याम्मेत्ता बोर्सेल्लिनो आहेत. १९ जुलै १९९२ रोजी पालेर्मोत माफियाने बॉम्बस्फोटात मारलेले न्यायदंडाधिकारी पाओलो बोर्सेल्लिनो यांची ही धाकटी मुलगी. त्या हत्येच्या तपासाची दिशाभूल कशी झाली यावर त्या वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत आल्या आहेत.

आता प्रचलन. नाव दुर्मिळ आहे, पण अनोळखी नाही. कुणी 'हे कसलं नाव' असं विचारणार नाही आणि वर्गात दुसरी फ्याम्मेत्ता असण्याची शक्यताही कमी. सोफिया, आउरोरा, जुलिया या वर्षानुवर्षं मुलींच्या यादीत वर आहेत. जिनेव्हरा आणि बेआत्रिचे अशी पुस्तकी नावंही पहिल्या दहात येऊ लागली आहेत, पण फ्याम्मेत्ता त्या लाटेत वर आलेली नाही. मला भेटलेल्या फ्याम्मेत्ता बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, तोस्काना किंवा रोमकडच्या, घरात पुस्तकांची कपाटं असलेल्या. नावाला थोडी खानदानी झाक आहे, हे खरं. काहींना ती आवडते, काहींना मिजास वाटते.

लाडाने 'फ्याम्मा' म्हणताना मात्र जरा विचार करा. तिरंगी ज्योत हे १९४६ मध्ये निघालेल्या नवफॅसिस्ट पक्षाचं चिन्ह होतं आणि आज मेलोनींच्या पक्षाच्या चिन्हातही ती आहे. पूर्ण नावाला हा वास येत नाही, आखूड नावाला कधी कधी येतो. 'मेत्ता' किंवा 'एत्ता' म्हणा, प्रश्न मिटला.

साताऱ्याची अडचण मला फारशी मोठी वाटत नाही. 'फियामेट्टा' वाचून गोंधळ होतो, कारण ते इंग्रजीवरून आलंय. आई-बाबांना देवनागरीत 'फ्याम्मेत्ता' लिहून पाठवा. 'म्म' आणि 'त्त' या दोन्ही जोडाक्षरांवर नीट थांबायचं, त 'पत्ता'तला, जोर 'मे'वर. इंग्रजांपेक्षा आपण हे नाव चांगलं म्हणतो.

या नावाची संत नाही, म्हणून नामदिन (एरवी आपल्या नावाच्या संताच्या दिवशी साजरा करतात तो) १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी करतात.

नोंदणीचं शेवटी सांगतो, कारण तिथे लोक फसतात. इटलीत जन्माची नोंद दवाखान्यात ३ दिवसांत किंवा नगरपालिकेत १० दिवसांत करावी लागते. नावं तीनपर्यंत देता येतात. आजीचं किंवा कुलदेवतेचं मराठी नाव जोडणार असाल तर दोन नावांमधल्या स्वल्पविरामाकडे नीट लक्ष द्या. स्वल्पविराम दिला की दाखल्यांवर फक्त पहिलं नाव येतं. न दिला तर दोन्ही येतात, आणि मग प्रत्येक सही, प्रत्येक अर्ज त्याच पूर्ण नावाने करावा लागतो. कुठलं हवंय ते दोघांनी आधी ठरवून जा. आडनावाचंही तसंच: घटनात्मक न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर आई-वडील दोघांची आडनावं लागतात, एकच हवं असेल तर दोघांची संमती लागते.