विजेतेपदानंतरचं वर्ष: संघाकडून काय अपेक्षा ठेवावी, आणि ऑक्टोबरचे पैसे आधी का भरू नयेत

तुमची पोस्ट वाचली. डॅलसच्या जागी बॉस्टन घातलं की ही आमची २०१४ सालची कहाणी होते, म्हणून सविस्तर लिहितोय. मागाहून येणाऱ्यांसाठी थोडक्यात: पोस्ट लिहिणाऱ्यांचा बेसबॉल संघ, डॅलसजवळचे टेक्सस रेंजर्स, २०२३ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले. त्या भरात यांनी २०२४ च्या हंगामातल्या निम्म्या सामन्यांचं पॅकेज घेतलं. शिवाय एका मध्यस्थ कंपनीकडे ‘ऑक्टोबरच्या हमखास जागा’ म्हणून (ऑक्टोबरात प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या होतात) आगाऊ रक्कम भरली आणि आईबाबांना पुण्याहून त्याच सुमारास बोलावलं. आता २०२४ चा जुलै अर्धा सरलाय आणि संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त आहेत. संघ सावरेल का, आणि नाही सावरला तर पैशांचं काय, असे यांचे दोन प्रश्न आहेत.

मी वकील नाही आणि आकडेशास्त्रीही नाही. बॉस्टनजवळ राहतो, नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात रेड सॉक्सवर, म्हणजे इथल्या बेसबॉल संघावर, चिडतो. तेवढ्याच अधिकाराने बोलतोय.

आधी संघाचं. रेड सॉक्स २०१२ मध्ये ६९-९३ (६९ विजय, ९३ पराभव), गटात तळाला. २०१३ मध्ये ९७-६५ आणि वर्ल्ड सिरीज, तीही आमच्या फेनवे मैदानावरच जिंकली. घरच्या मैदानावर तो मान १९१८ नंतर पहिल्यांदाच मिळाला. त्या अख्ख्या हंगामात संघ सलग तीनपेक्षा जास्त सामने कधी हरला नव्हता. अशा संघाकडून पुढच्या वर्षी आम्ही काय अपेक्षा ठेवली असेल ते सांगायला नको. २०१४ च्या मे महिन्यात तोच संघ सलग दहा सामने हरला आणि वर्षअखेर ७१-९१ करून पुन्हा तळाला गेला. व्यवस्थापक जॉन फॅरेल तेच, खेळाडूंत डेव्हिड ऑर्टिझ तोच, पेड्रोइया तोच.

मग बिघडलं काय? एक मोठं कारण शोधायला जाल तर सापडणार नाही. जेकोबी एल्सबरी फ्री एजंट (करार संपून मोकळा) होऊन १५ कोटी ३० लाख डॉलरला आमच्या कट्टर वैऱ्यांकडे, न्यूयॉर्क यांकीजकडे गेला (यांकीजकडे! असो). कॅचर (यष्टिरक्षकासारखा) साल्टालामाकिया मायामीला गेला. व्हिक्टोरिनो दुखापतींमुळे जेमतेम ३० सामने खेळला. पिचर (चेंडू टाकणारा) क्ले बुकोल्झने २०१३ मध्ये नऊ इनिंगमागे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे, सरासरी १.७४ धावा दिल्या होत्या, पुढच्या वर्षी ५.३४. सेंटर फील्डला आलेला ब्रॅडली पोरगा झेल अफलातून घ्यायचा, पण बॅटिंग सरासरी .१९८, म्हणजे फारच कमी. यातली एकेक गोष्ट कुठल्याही संघाला पचते, सगळ्या एकदम आल्या की पचत नाहीत. आणि विजयाच्या वर्षी यातली एकही आलेली नसते, म्हणून तर विजय मिळालेला असतो. चाहता नेमकं हेच विसरतो आणि त्या वर्षाचे आकडे म्हणजे संघाची नेहमीची पातळी असं धरून चालतो.

मी मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे मला हे उसाच्या खोडव्यासारखं वाटतं. लागण केलेल्या वर्षी मशागत, बेणं, खत सगळं मनापासून होतं. खोडव्याला ‘येईलच की आपोआप’ म्हणून हात आखडता घेतात आणि उतारा कमी पडला की कारखान्याला शिव्या घालतात. रेंजर्सनी गेल्या हिवाळ्यात काय केलं ते आठवा. ऑक्टोबर गाजवणारा पिचर जॉर्डन मॉन्टगोमेरी त्यांनी जाऊ दिला, तो शेवटी अॅरिझोनाकडे गेला, ज्यांना तुम्ही अंतिम मालिकेत हरवलंत त्यांच्याचकडे. दुसरे दोन पिचर बघा: डिग्रॉम कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरतोय आणि शेर्झरच्या पाठीवर डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली, म्हणजे वसंतात दोघंही नाहीत हे आधीच माहीत होतं. त्यात जोश यंगचं मनगट पहिल्याच आठवड्यात मोडलं, इव्हान कार्टरची पाठ गेली, आणि गेल्या वर्षी ३९ होम रन (षटकारासारखे फटके) मारणाऱ्या गार्सियाच्या बॅटला यंदा सूर नाही. मला यात काही नवल वाटत नाही. राग येतो तो फक्त मॉन्टगोमेरीला जाऊ दिल्याचा.

दुसरं कारण पिचरांचे हात. याचा आमचा अनुभव २०१८ चा, आणि त्यातला माणूस सध्या तुमच्याकडे आहे. नेथन इओवाल्डी. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना लॉस एंजेलिसला १८ इनिंग, म्हणजे नेहमीच्या दुप्पट, चालला, सात तासांवर. इओवाल्डी मधेच आला आणि एकट्याने ९७ चेंडू टाकले. समोरच्या संघातल्या मन्सीच्या होम रनवर तो सामना गेला, पण मालिका आम्ही जिंकली आणि तो बॉस्टनचा देव झाला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया. आमचा दुसरा पिचर क्रिस सेल, त्याचंही २०१९ वाईटच गेलं. १०८-५४ चा संघ ८४-७८ वर आला, प्लेऑफ नाही. एका ऑक्टोबरानेच हात गेले असं मी छातीठोक म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणणार नाहीत. पण विजेत्या संघाचे पिचर बाकीच्यांपेक्षा महिनाभर जास्त फेकतात, तेही जीव तोडून, आणि त्यांची विश्रांती महिनाभर कमी होते. इओवाल्डीनेच गेल्या ऑक्टोबरात तुम्हाला पाच सामने जिंकून दिले, एकही न हरता. यंदा त्याच्याकडून पुन्हा तेच मागताना एवढं लक्षात असू द्या.

तिसरं, आणि हे माझं वैयक्तिक मत आहे, पटलं तर घ्या. जिंकल्यावर क्लब उपकाराच्या भावनेने करार करतात आणि ते अंगाशी येतात. सेलच्या कराराला मार्च २०१९ मध्ये पाच वर्षांची वाढ दिली, वर्षभरात त्याचं कोपर गेलं. वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकून पिचर स्ट्रासबर्गला सात वर्षांचे २४ कोटी ५० लाख डॉलर दिले. त्यानंतर तो एकूण आठ सामन्यांत मैदानात उतरला. दोन वर्षांनी तो क्लब ६५-९७ होता आणि शेर्झर (तेव्हा तो तिथे होता) व ट्रे टर्नर विकले गेले होते. याच्या उलट टोकाला फ्लोरिडा मार्लिन्स. त्यांनी १९९७ ला जिंकल्याबरोबर अख्खा संघच विकला आणि पुढच्या वर्षी ५४-१०८. म्हणजे धरून ठेवलं तरी पंचाईत, सोडलं तरी पंचाईत. मधला मार्ग काढणारे क्लब थोडे. शिकागो कब्जनी २०१६ च्या विजेतेपदानंतरच्या वर्षी ९२ सामने जिंकले आणि उपांत्य फेरी गाठली. माझ्या मते विजेत्याकडून कमाल अपेक्षा एवढीच. सलग दुसरं विजेतेपद यांकीजच्या १९९८-९९-२००० नंतर २०२३ पर्यंत कुणालाही जमलं नव्हतं.

आपल्याकडच्या मंडळींना हे जड जातं, कारण आपण मुंबईच्या रणजीच्या गोष्टी ऐकत वाढलो. १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वर्षं करंडक. तिथून ‘चॅम्पियन म्हणजे पुढच्या वर्षीही चॅम्पियन’ हे डोक्यात बसलंय. पण आयपीएलमधली मुंबईच बघा: २०२० ला विजेते, २०२२ ला तळाला. लिलाव, पगाराच्या मर्यादा, फ्री एजंट हे आले की एकाच संघाची सद्दी टिकत नाही.

आता पैशांचं. खरं तर यासाठीच लिहायला बसलो होतो.

२०१४ च्या वसंतात मीही असंच पॅकेज घेतलं होतं. क्लबकडून थेट नव्हे, सीझन तिकीटवाल्यांच्या जागा भाड्याने घेऊन तुकड्यांत विकणाऱ्या एका कंपनीकडून. नाव घेत नाही. त्यात ऑक्टोबरच्या जागांचा ‘हक्क’ वेगळा विकत मिळायचा. फोनवरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की संघ पोचला नाही तर ही रक्कम परत. आईबाबा सांगलीहून येणार होते. बाबांनी सांगलीतल्या अर्ध्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की मुलगा वर्ल्ड कप दाखवणार आहे. वर्ल्ड सिरीज म्हणतात असं मी दर फोनला सांगायचो.

जूनमध्येच चित्र स्पष्ट झालं. मी कार्यालयात फोन केला आणि रक्कम आत्ताच परत द्या म्हटलं. उत्तर: हंगाम संपल्याशिवाय हिशोब होत नाही. गणिताने संधी शिल्लक आहे ना, मग तुमचा हक्क शाबूत आहे. बरोबर वाटलं. पुढे ३१ जुलैला क्लबने जॉन लेस्टर आणि लॅकी, दोन्ही पिचरांना एकाच दिवशी विकलं. पुन्हा फोन. उत्तर तेच, फक्त आवाज दुसऱ्याचा. ई-मेल केला तर ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’. संबंधित विभागाचा नंबर मागितला तर त्या विभागाला फोनच नाही. सप्टेंबर संपला, संघ तळाला, आणि मग पत्र आलं: रक्कम परत मिळत नाही, सेवाशुल्क कापून पुढच्या हंगामाच्या खात्यात जमा केली आहे. आणि ती खात्यातली रक्कम वापरायची तर पूर्ण पॅकेज नव्या दराने घ्यायचं. बँकेकडे गेलो तर क्रेडिट कार्डावर हरकत घ्यायची मुदत केव्हाच उलटलेली. ती मुदत उलटेपर्यंत मला गोड बोलून थांबवायचं, एवढंच त्या कार्यालयाचं काम होतं असं आजही माझं मत आहे. पुरावा नाही, मत आहे. भारताच्या एका विमान तिकिटाएवढे पैसे गेले. त्याहून जास्त चीड त्या ‘संबंधित विभागा’ची येते. क्लबच्या स्वतःच्या खिडकीवर मला असा त्रास कधी झाला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणून तुम्ही ‘ऑगस्टपर्यंत वाट बघू’ असं जे लिहिलंय, ते करू नका. वाट बघण्यात फायदा समोरच्याचा असतो. अमेरिकेत बिलातल्या चुकीवर लेखी हरकत घ्यायची कायदेशीर मुदत बिल पाठवल्यापासून ६० दिवस आहे. तुमचं प्रकरण त्यात बसतं की नाही ते बँकच सांगेल, आणि काही बँका स्वतःहून जास्त मुदत देतात. आज फोन करून विचारा. डेबिट कार्डाने भरले असतील तर मामला अवघड आहे. मध्यस्थ कंपनीशी यापुढे फक्त ई-मेलने बोला. एकच प्रश्न विचारा: रेंजर्स प्लेऑफला पोचले नाहीत तर रक्कम कार्डावर परत येणार की खात्यात जमा होणार, आणि कराराच्या कुठल्या कलमानुसार? गोलमोल उत्तर आलं तर तेच ई-मेल बँकेला जोडा. आपोआप नूतनीकरणाची खूण कुठे असेल तर ती आधी काढा, पुढच्या वर्षीचा हप्ता न विचारता जातो. राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार ऑनलाइन करता येते. मी ती केली तेव्हा उशीर झाला होता, तुम्हाला अजून वेळ आहे.

पॅकेजमधल्या उरलेल्या सामन्यांचं मात्र काही करू नका, बघा. विकायला काढलेत तर हरणाऱ्या संघाची आठवड्यातल्या रात्रीची तिकिटं मातीमोल जातात. आईबाबांची विमानाची तिकिटं थोडा दंड भरून सप्टेंबरवर आणता आली तर आणा. नियमित हंगाम सप्टेंबरअखेर संपतो, घरचे सामने वेळापत्रकात आत्ताच दिसतात, त्यासाठी संघाने पात्र ठरायची गरज नाही. तुमच्या स्टेडियमला छप्पर आणि एसी आहे, म्हाताऱ्या माणसांना टेक्ससच्या उन्हाचा त्रास नाही. आमच्या फेनवेला खांबामागची लाकडी खुर्ची मिळाली की मान वाकडी करून पिचर शोधावा लागतो. नवख्यांना प्लेऑफपेक्षा सप्टेंबरचा सामना बरा, असं माझं मत आहे. २०१४ साली प्लेऑफमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये इतका वेळ जायचा की माझ्या आईला झोप लागली असती.

आता यंदाच्या ३० जुलैची ट्रेड डेडलाइन, म्हणजे क्लबांना खेळाडूंची देवघेव करायची शेवटची तारीख. तुम्ही लिहिलंय की क्लबने खेळाडू विकले तर मी बेसबॉल सोडेन. एवढं टोकाला जाऊ नका. लेस्टर गेला त्या दिवशी मीही घरात तेच बडबडत होतो. दोन वर्षांनी तोच लेस्टर आणि तोच लॅकी कब्जच्या गणवेशात वर्ल्ड सिरीज जिंकले, ते मी बॉस्टनमध्ये बसून शेवटच्या चेंडूपर्यंत बघितलं. बॉस्टन २०१५ लाही तळालाच होतं, २०१६ ला गट जिंकला, २०१८ ला पुन्हा सगळं जिंकलं. त्यामुळे रेंजर्सचं मूल्यमापन या एका उन्हाळ्यावर करू नका. सीगर आणि सेमियन या तुमच्या मोठ्या खेळाडूंचे करार २०२४ मध्ये तरी बरेच उरलेत, लँगफर्ड पोरगं आहे, डिग्रॉम परत यायचाय. यंदा मला आशा कमी वाटते, पुढच्या दोन वर्षांबद्दल तेवढी कमी नाही. चूक ठरलो तर ऑक्टोबरमध्ये इथेच येऊन मला सुनवा.

करारातलं परताव्याचं कलम इथे चिकटवा, तुमचं नाव, खाते क्रमांक आणि कंपनीचं नाव झाकून. इथे दोन-तीन जण या धंद्यातल्या भाषेला सरावलेले आहेत, कुणीतरी नक्की वाचून सांगेल. पण बँकेला फोन त्याआधी करा.