वाचक विचारतात : डोंगरात कोरलेलं झेल्वे गाव

प्रश्न : तुर्कस्तानातल्या झेल्वे गावात लोक दगडात कोरलेल्या घरांत राहत होते, असे वाचले. आपल्याकडे विहिरीला साधा पाषाण लागला तरी सुरुंग लावावा लागतो. तिथे घर कसे कोरले? आणि असे गाव सोडले का?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, तो दगड. आपला काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला. झेल्वे आहे नेवशेहिर प्रांतात, मध्य तुर्कस्तानातल्या कॅपाडोकिया भागात. तिथला दगड म्हणजे ज्वालामुखीची राख साचून, दबून घट्ट झालेला थर. त्याला टफ म्हणतात. आतला ओलसर टफ टिकाव-छिन्नीने निघतो आणि उघडा पडून वाळला की वरून कडक होतो. म्हणून खोली, कोनाडा, धान्याची पेवं, सगळे हाताने कोरता आले.

पण असा दगड पाणी पितो. हिवाळ्यात भेगेतले पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. भेग दरवर्षी थोडी रुंदावते. त्यात पिढ्यान्‌पिढ्या खोलीला खोली जोडत गेल्याने मधल्या भिंती पातळ झाल्या. खालून पायथा झिजला की वरचा कडा आपल्याच वजनाने सुटतो. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांचे बुरूज पावसात ढासळतात, तसेच हे. फरक एवढाच की तिथे कड्याच्या आत माणसे झोपलेली असत. पडझडीचा धोका वाढल्याने १९५२ च्या सुमारास गावकऱ्यांना जवळच्या अक्तेपे वस्तीत हलवले. जुन्या गावाचे आता खुले संग्रहालय आहे.

झेल्वे तीन घळींमध्ये वसले होते आणि तिथे ख्रिस्ती साधूंचे मठ होते. द्राक्षवेलींची चित्रे असलेले एक चर्च आजही ‘उझुम्लू’, म्हणजे द्राक्षांचे, म्हणून ओळखले जाते. पुढे ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी राहिले; गावात छोटी मशीद आहे, दगडात कोरलेली गिरणीही आहे. १९२३ मध्ये लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. धर्म पाहून माणसे पाठवली गेली आणि झेल्वेचे ख्रिस्ती रहिवासी ग्रीसला गेले. गाव अर्धे तेव्हाच तुटले. कडा नंतर पडला.

प्रश्न : अशी दगडी घरे उन्हाळ्यात थंड राहतात. मग ती आरोग्याला चांगलीच ना?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : थंडावा खरा, पण दगडात काय आहे तेही पाहावे लागते. त्याच भागातल्या काराइन, तुझकॉय आणि सारीहिदिर या गावांच्या टफमध्ये एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज सापडते. घराचा दगड, गिलावा, रस्त्याची धूळ, सगळ्यातून त्याचे सूक्ष्म तंतू श्वासात जात. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तिथे असामान्य प्रमाणात होतो, हे १९७० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. एरिओनाइट आता माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. हा दोष सगळ्या टफचा नाही, ते खनिज जिथे आहे तिथलाच.

प्रश्न : तिथे द्राक्षबागांना पारव्यांची विष्ठा घालतात आणि द्राक्षांची काकवी करतात म्हणे. आम्हाला जमेल का?
– द्राक्ष बागायतदार, नान्नज

उत्तर : विष्ठेसाठी तिथे पूर्वी कड्यात उंचावर खोल्या कोरत, आत कोनाड्यांच्या ओळी. तोंड भिंतीने बंद करून पारव्यांपुरती भोके ठेवत. विष्ठा काढण्यापुरतीच खोली उघडत. हे खत उष्ण. ताजे घातले तर मुळ्या जळतात, कुजवूनच वापरा. खरवडताना नाक-तोंड बांधा, कोरड्या धुळीतून फुप्फुसाचा संसर्ग होतो.

काकवीला ते पेकमेझ म्हणतात. आपल्या गुऱ्हाळात मळी काढायला भेंडी घालतात. तिथे आंबटपणा मारायला रसात चुनखडीयुक्त पांढरी माती घालतात, १०० किलो रसाला १ ते ५ किलो. द्राक्षातले टार्टारिक आम्ल कॅल्शियमशी जुळून गाळ होऊन बसते. माती घालताच फेस उसळतो, म्हणून भांडे अर्धेच भरावे. रस ५०-६० अंशांपर्यंत तापवून काही तास निवळू द्यायचा, वरचा गाळून घ्यायचा आणि पसरट कढईत आटवायचा.

शेतातली माती मात्र घालू नका. खाण्याच्या दर्जाचे कॅल्शियम कार्बोनेट आणा. रसात ०.६ टक्के आम्ल असेल, तर १०० किलोत ते ६०० ग्रॅम झाले. सगळे मारायला ४०० ग्रॅम पुरते. २०० ग्रॅमपासून सुरू करा, चव घेत वाढवा. जास्त झाले तर काकवी मिळमिळीत, खडूसारखी लागते.

२० ब्रिक्सचा (म्हणजे साधारण २० टक्के साखरेचा) १०० किलो रस ७० ब्रिक्सला आणला की २८ किलोच्या आसपास काकवी उरते. ब्रिक्स मीटर तुमच्याकडे असेलच. ६० नंतर आच कमी करा, नाहीतर तळ लागून कडवट होते. ७० च्या बरीच खाली थांबलात तर ठेवल्यावर आंबते. आणि फवारणीनंतर काढणीपूर्व कालावधी पुरा झालेलाच माल घ्या, कारण आटताना साखरेबरोबर औषधाचा अंशही साडेतीन पट होऊ शकतो.